तुपे गुरुजींचा चांगला कान

"वाजवा की!" तुपे गुरुजी माझ्यावर ओरडले. "नुसत्या बसून राहिल्यात. काही वाजवायचं नाही, आणि मग लिहून टाकायचं, मास्तर खोटा आहे म्हणून!"

ते आतल्या आवाजबंद खोलीत होते आणि मी बाहेर मशीनसमोर. मधे जाड काच. त्यांचा आवाज माइकमधून माझ्या टेबलावरच्या स्पीकरवर येत होता, आणि एवढा चढला होता की स्पीकर फाटतोय की काय असं वाटलं. त्यांच्या डोक्यावर हेडफोन होता, उजव्या कानावर लाल, डाव्या कानावर निळा. ऐकू आलं की बोट वर करायचं, बाकी काही नाही.

मी गप्प बसले, कारण मी वाजवत होते. लाल बाजूने, म्हणजे त्यांच्या उजव्या कानात, शिट्टीसारखा सूर मी कधीची सोडत होते. आधी हळू, मग जरा मोठा, मग आणखी मोठा. त्या कानाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. भांडण होतं ते डाव्या कानाचं. आणि गुरुजींचं बोट मांडीवरून हलत नव्हतं.

मी मनात म्हटलं, नाटक अंगात भिनलंय. कोणता कान बहिरा दाखवायचाय तेच विसरलाय हा.

याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा एका जिल्हा रुग्णालयात श्रवणतज्ज्ञ होते. जिल्हा कोणता ते सांगत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील आणि मला चार शिव्याही घालतील. आमच्याकडे निम्म्या शाळा रस्त्याकडेला आणि निम्म्या डोंगरात. डोंगरात जायला मास्तर मंडळी नाखूश. त्यातच आमच्या जिल्हा परिषदेने बदल्यांसाठी एक सवलत काढली. ज्याचा एक कान पूर्ण निकामी आहे, त्याला डोंगरातल्या शाळेवर पाठवायचं नाही. सवलत आली आणि जिल्ह्यातल्या मास्तरांचे कान पटापट जायला लागले. दोन्ही गेले म्हणावं तर शिकवणार कसं, असं कुणीतरी विचारलं असतं, म्हणून प्रत्येकाचा एकेकच गेला. दाखले मिळवून देणारा एक एजंट होता. सगळ्यांची एकच बाजू दिसू नये म्हणून तोच वाटून द्यायचा, तुला डावा, तुला उजवा. शेवटी कुणीतरी कोर्टात गेलं आणि सगळ्यांची फेरतपासणी माझ्या खोलीत येऊन पडली.

मला या लोकांचा राग होता आणि तो मी लपवतही नव्हते. डोंगरातून माझ्याकडे जी बहिरी मुलं यायची, ती चांगली सहा-सात वर्षांची होऊन यायची. तोवर घरचे म्हणत राहायचे, पोरगं हट्टी आहे, हाक मारली तरी बघत नाही. वर्गात मास्तर असता तर त्याच्या पहिल्या महिन्यात लक्षात आलं असतं. मास्तर नव्हता, कारण त्याचा एक कान गेला होता म्हणून तो गावात राहिला होता. आणि आता त्याच मास्तरांच्या तपासणीने माझी खोली अडली होती, आणि मुलांना मी पुढच्या तारखा देऊन परत पाठवत होते. लेकरू कडेवर घेऊन दोन एसट्या बदलून आलेल्या बाईला "पुढच्या महिन्यात या" म्हणताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सोंग पकडणं फार अवघड नव्हतं. मागे ताटली पाडायची वगैरे युक्त्यांना हे लोक बधत नसत. एजंटाने त्यांची तयारी करून घेतली होती, कानाशी फटाका वाजला तरी ढिम्म. पण आवाजाचा एक स्वभाव आहे. एकच सूर दोन्ही कानांत एकदम सोडला, एकीकडे मोठा आणि दुसरीकडे हळू, तर माणसाला मोठा तेवढाच ऐकू येतो. दुसऱ्या कानात काही वाजतंय हे त्याला कळतही नाही. ट्यूबलाइटखाली समई लावली तर तिचा उजेड वेगळा दिसतो का? तसंच. मी बहिऱ्या म्हणवणाऱ्या कानात मोठा सूर सोडायचे आणि चांगल्या कानात हळू. ज्याचा कान खरंच गेलाय त्याला मोठा सूर ऐकूच येत नाही, तो हळू सूर ऐकतो आणि बोट वर करतो. सोंग घेतलेल्याला मात्र मोठाच ऐकू येतो, तोही बहिऱ्या म्हणवलेल्या कानात. तो मनाशी म्हणतो, फसवतेय बाई, आणि बोट दाबून बसतो. चांगल्या कानातही सूर चालू आहे हे त्याच्या गावीही नसतं. सापडला.

फक्त त्याआधी चांगला कान किती हळू ऐकतो ते मोजून घ्यावं लागतं. तुपे गुरुजींच्या बाबतीत मी त्या पहिल्याच पायरीवर अडकले होते.

हणमंत तुपे म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. पंचेचाळिशी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, शिक्षक संघटनेचे पुढारी. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, तुम्हाला इथं किती वर्षं झाली? नाही, तुमच्याही बदल्या होतात म्हणे." मी म्हटलं होतं, "होतात. माझे दोन्ही कान चांगले आहेत, मी जाईन." तिथून पुढे आमचं जे जमलं ते हे असं.

मी उठून आत गेले. त्यांच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, लाल बाजू स्वतःच्या कानाला लावली. सूर ठणठणीत येत होता. एवढ्या मोठ्या आवाजाने खरं तर माणूस दचकावा.

"मशीन बिघडलंय," गुरुजी म्हणाले. "सरकारी माल. आणि त्याच्यावर माझी नोकरी ठरवणार."

"मशीन ठीक आहे. उजव्या कानात ऐकू आलं की बोट वर करा."

"अहो, उजवा कान चांगलाय माझा! चांगल्या कानाला मी कशाला नाही म्हणेन? डोकं बिकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. मी बाहेर येऊन खुर्चीत बसले, आणि राग बाजूला ठेवून पहिल्यांदा विचार केला. खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलतो. उजवा चांगला आहे असं दाखवण्यात या माणसाचा फायदा होता. मग तो बोट का वर करत नाही?

मी आवाज खूप वाढवला. अखेर त्यांचं बोट वर झालं, आणि चेहऱ्यावर "बघा, वाजवलंत की ऐकू येतं" असा भाव आला. पण त्याला काही अर्थ नव्हता. एवढा मोठा आवाज कवटीच्या हाडातून पलीकडच्या कानापर्यंत पोचतो. तेव्हा हे उजव्याने ऐकतायत की उजव्यात सोडलेलं डाव्याने ऐकतायत, हे ठरवायला एकच मार्ग असतो. पलीकडच्या कानात खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवायचं.

मी निळ्या बाजूने, डाव्या कानात, खरखर सुरू केली. जुना रेडिओ स्टेशन सुटल्यावर करतो तशी. आणि लाल बाजूने तोच मोठा सूर.

बोट खाली आलं. गुरुजी इकडेतिकडे बघायला लागले. मी सूर आणखी वाढवला. काही नाही. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या, ते पुढे वाकले, डोळे मिटून घेतले. खरंच ऐकायचा प्रयत्न करणारा माणूस कसा दिसतो ते मला रोज दिसतं. हा माणूस जिवाच्या आकांताने ऐकत होता.

मग त्यांचा तोल गेला.

"ही डावीकडची खरखर बंद करा आधी!" ते ओरडले. "तिच्यापायी उजवीकडचं काही ऐकूच येत नाहीये!"

मी खरखर बंद केली. गुरुजींच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हेडफोन सावकाश काढला आणि मांडीवर ठेवला.

खोटं नाही सांगत, पहिला क्षण मला निव्वळ आनंद झाला. संघटनेचा पुढारी, मला बदलीची भीती घालणारा, स्वतःच्या तोंडाने कबूल झाला होता. डावा कान खरखर ऐकतो. दाखला खोटा. त्यानंतर दुसरा अर्धा भाग डोक्यात शिरला आणि आनंद कुठल्या कुठे गेला. एजंटाने त्यांना डावा वाटून दिला होता, आणि गेला होता उजवा.

मी त्यांना समोर बसवलं. "गुरुजी, डावा कान तुमचा चांगला आहे. ते तुम्हालाही माहीत आहे. पण उजवा कान जवळजवळ गेलाय. हळूहळू गेलाय म्हणून तुम्हाला कळलं नाही. एका बाजूची नस अशी गेली की आत गाठ तर नाही ना, ते बघावं लागतं. एमआरआय करून घ्या."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसले. "आता उजवापण काढून घेता? तुमच्यापेक्षा एजंट बरा म्हणायचा, त्यानं एकच घेतला होता."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही. मी काही बोललेलो नाही. खरखर बिरखर काही म्हणालो नाही. साक्षीदार आहे का कोणी? आणि गाठीची भीती मास्तराला घालायची नाही. असली भीती मी पोरांना घालतो."

ते तावातावाने निघून गेले, सह्यांसाठी डॉक्टर रणदिव्यांच्या केबिनमध्ये. रणदिवे आमचे कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि फेरतपासणी मंडळाचे प्रमुख. शेवटचा अहवाल त्यांच्या सहीने जायचा, पण कानाचं मी लिहीन तेच.

बाहेर बाकड्यावर गुरुजींची बायको बसली होती. शालन नाव. साधी, गावाकडची, पण डोळ्यांत हुशारी. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

"वहिनी, हे झोपतात कोणत्या कुशीवर?"

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "का वो ताई?"

"सांगा तर."

"कशावरबी झोपत्यात. पर डाव्या कुशीवर असले की उठायचं नाव नाय. घड्याळ उशाशी केकाटतंय, ह्ये घोरतंय. म्या म्हणती, कुंभकर्ण हाय."

"कानात आवाज येतो म्हणतात का कधी?"

"रोजचंच हाय ते. 'कुकर लावलाईस का गं?' कुकर नसतूय कुठं. म्या म्हणती, भूक लागली आसंल." ती थांबली. मग खाली बघून बोलायला लागली. "ताई, तुमी इचारलं म्हणून सांगती. जेवायला बसलं की म्या ह्यांच्या उजव्या हाताला बसती, वाढायला बरं पडतं. येक शब्द बोलत न्हाईत. म्या इचारलं, भाकरी घालू का, उत्तर न्हाय. पोरीच्या लग्नाचं इचारलं, उत्तर न्हाय. चार-पाच वर्सं झाली. मला वाटलं, आपण मनातनं उतरलो. म्या बी मग बोलायचं सोडलं."

मी तिला एवढंच म्हणाले, "तुम्ही मनातून उतरला नाहीत. त्यांना त्या बाजूने ऐकू येत नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. डोळे भरून आले, पण पुसायच्या आत गुरुजी केबिनमधून बाहेर आले.

"काय विचारत होती ही?"

"तुमचा उजवा कान..." शालनने सुरुवात केली.

"शालन! एक शब्द बोलायचा नाही हिच्याशी. सगळा सापळा आहे. चल." त्यांनी तिचा दंड धरला आणि जिन्याकडे निघाले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांचा पाय अडखळला आणि त्यांनी भिंत धरली. ते मी पाहिलं, तिनेही पाहिलं.

आता मी काय करायचं? माणूस माझं ऐकणार नव्हता, कारण मी त्याची वैरीण होते. बरं, वैर काही खोटं नव्हतं. त्याचा अहवाल मी लिहिला की त्याची नोकरी जाणार होती. अशा बाईने सांगितलेली गाठ कोण खरी मानेल? रणदिव्यांनी त्यांना बोलावून समजावून पाहिलं, तर त्यांनाही उत्तर मिळालं, "त्या मॅडमनी तुम्हालाही फितवलं का?"

मग मी त्यांच्याच वाटेने गेले. त्यांना फोन लावला.

"गुरुजी, अहवाल मी अजून पाठवलेला नाही. एमआरआयमध्ये कानाची नस दिसते. नस खराब निघाली तर तो यंत्राचा पुरावा होईल, आणि तो मला नाकारता येणार नाही. मंडळापुढे ठेवावाच लागेल. नाही आणलात तर माझ्याजवळ आहे तेवढं लिहून मी पाठवते."

पलीकडून प्रश्न आला: "लेखी मिळेल ना, नस खराब आहे म्हणून?"

"असेल तर मिळेल."

"आणि तुम्ही मान्य करणार?"

"करावंच लागेल."

मी एक शब्दही खोटा बोलले नव्हते. पण आमिष दाखवलं होतं आणि ते त्यांनी गिळलं. जिवाच्या भीतीने जो माणूस हलला नाही, तो बदलीच्या लोभाने त्याच आठवड्यात शहरात जाऊन आला.

ते आले तेव्हा मी आणि रणदिवे दोघे केबिनमध्ये होतो. गुरुजी दारातूनच मोठ्याने बोलत आत आले. मागे शालन. हातातलं मोठं पाकीट त्यांनी टेबलावर आपटलं, जिंकलेल्या माणसाने आपटावं तसं.

"घ्या! नस खराब निघाली! गाठ आहे म्हणून स्वच्छ लिहिलंय. वाचा, वाचा. आता म्हणा मास्तर खोटा!"

रणदिव्यांनी फिल्म काढून उजेडावर धरली. बघत राहिले. मीही पाहिली. कानाच्या आतून मेंदूच्या बाजूला ढकलत गेलेला पांढरा गोळा, चांगला लिंबाएवढा.

"फक्त एक आहे," गुरुजी खुर्ची ओढून बसले. "यात उजवी बाजू लिहिलीय, आणि माझ्या दाखल्यात डावी. कारकुनाची चूक, दुसरं काय. डाव्याचं उजवं व्हायला कितीसा वेळ लागतो? तेवढं तुम्ही दुरुस्त करून द्या. म्हणजे प्रकरण मिटलं."

शालन मागे उभी होती. ती फिल्मकडे बघत नव्हती, रणदिव्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"डॉक्टरसायब," ती म्हणाली, "ही गाठ जिवाची हाय का?"

"वहिनी, बसा," रणदिवे म्हणाले. "ऑपरेशन करावं लागेल. पुण्याला. लवकर. कॅन्सर नाही, पण वाढत गेली तर मेंदूला दाबते. आणखी वर्ष-दीड वर्ष गेलं असतं तर फार अवघड झालं असतं. ऑपरेशननंतर उजवा कान राहणार नाही. तोंडाच्या त्या बाजूलाही थोडा फरक पडू शकतो. पण जीव वाचेल."

गुरुजींनी हे सगळं ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसत होता. मग त्यांनी जे विचारलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"म्हणजे... डावा लिहिलेला चालणारच नाही?"

शालनने त्यांच्या खांद्यावर जोरात थाप मारली आणि हंबरडा फोडला. "आवो, मरायला टेकलाय तुमी! बदली कसली घिऊन बसलाय!"

ती दोघं गेल्यावर रणदिव्यांनी दार लावलं.

"हेमलताबाई, एक सुचवू? तो म्हणतो ते लिहून टाकू. बाजूची चूक झाली म्हणायचं. एक कान गेलाय हे तर खरं आहे ना? नियमात बसतो. ऑपरेशनला निघालेल्या माणसावर फौजदारी कशाला?"

"दाखला काढला तेव्हा त्याला उजवा गेल्याचं माहीत नव्हतं, सर. त्याने डाव्याचं सोंग केलं. डाव्या कानाने त्याने माझ्यासमोर खरखर ऐकली."

"मला माहीत आहे. पण मेलेल्याला काय मारायचं?"

"तो मेलेला नाही. आपण त्याला वाचवलंय. तो गेला नाही म्हणून डोंगरातली कुठली शाळा मास्तरावाचून राहिली, ते मला माहीत आहे. तिथली मुलं माझ्याकडे येतात."

रणदिवे चांगले माणूस होते. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. मी दोन्ही लिहिलं. डावा कान उत्तम, दाखला खोटा. उजवा कान निकामी, नसेवर गाठ, तातडीने शस्त्रक्रिया. पुढे कधी मला त्याचा पस्तावा झाला नाही. त्यांची दया आली ती वेगळी. दया येणं आणि खोटं लिहिणं यांत फरक आहे, एवढंच मला कळत होतं.

पुण्याला ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. ते दवाखान्यातच होते तेव्हा निलंबनाचा कागद घरी पोचला. संघटनेने माझ्याविरुद्ध मोर्चा काढला, "आजारी शिक्षकाचा छळ" म्हणून. माझी चौकशी लागली. तक्रारीवर पहिली सही तुपे गुरुजींची होती, वाकड्या अक्षरात, खाटेवर पडून केलेली. चौकशीतून मी सुटले, पण बदली मात्र झाली. दुसऱ्या जिल्ह्यात, तसल्याच काचेच्या खोलीत.

पुढे किती वर्षं गेली कोण जाणे. मी फिरत फिरत पुन्हा त्याच रुग्णालयात आले होते. एक दिवस दार ढकलून ते आत आले. आधी मी ओळखलंच नाही. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती, उजवा डोळा पुरता मिटत नव्हता. शर्ट मात्र तसाच इस्त्रीचा.

"कामावर घेतलंय परत," ते म्हणाले. "डोंगरात दिलंय. रात्री पायवाटेने चालताना तोल जातो. सवलतीसाठी दाखला पाहिजे. आता खरा आहे. तपासा."

मी तपासलं. ते आत बसले, हेडफोन चढवला. डाव्या कानात मी अगदी हळू सूर सोडला, आणि बोट लगेच वर झालं. एकदाही त्यांनी लबाडी केली नाही. उजव्यात काहीच नव्हतं. कितीही वाजवलं तरी काही नव्हतं.

ते बाहेर येऊन माझ्यासमोर बसले. मी त्यांच्या डाव्या बाजूला खुर्ची घेतली.

"गुरुजी, नियम बदललाय. आता एका कानावर सवलत नाही. दोन्ही कान गेलेले लागतात."

"कधी बदलला?"

"तुमच्या सगळ्यांच्या प्रकरणानंतर."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे खोटा होता तेव्हा मिळाला. आणि खरा झाला तेव्हा नाही."

"हो."

"दोन्ही वेळा नाही म्हणणाऱ्या तुम्हीच."

"हो."

त्यांनी उठायला हवं होतं, पण ते उठले नाहीत. आणि मलाही त्यांना जाऊ द्यावंसं वाटेना. मला त्या माणसाकडून एक शब्द हवा होता. म्हणायला लाज वाटते, पण हवा होता. त्या दिवशी मी त्यांना फसवून एमआरआयला पाठवलं नसतं तर ते आज या खुर्चीत नसते, हे त्यांना एकदा तरी कळावं असं मला वाटत होतं. मी त्यांची वैरीण होते, आणि त्या वैरानेच त्यांचा जीव वाचवला होता. मी म्हणाले, "गुरुजी, त्या वेळी मी तुम्हाला जे सांगत होते..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. खुर्ची आवाज करत वळवली, आणि उजवी बाजू माझ्याकडे करून बसले. कानामागचा लांब व्रण मला दिसत होता. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट डाव्या कानात घातलं आणि घट्ट दाबून धरलं.

"हं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "आता बोला मॅडम. मनात असेल ते सगळं बोला."

आणि मी बोलले. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बोलले. मोर्चाचं, चौकशीचं, डोंगरातल्या मुलांचं, शालनच्या रडण्याचं, आणि त्या पाकिटातल्या पांढऱ्या गोळ्याचंही. शेवटी शेवटी माझा आवाज चढला होता, बाहेरचे लोक दारातून डोकावायला लागले होते.

माझे ओठ थांबलेले डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसेपर्यंत त्यांनी बोट काढलं नाही.